इलेक्ट्रिक गाडीत दम असतो का? मेहकरच्या भाऊंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. भाऊ मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. वडिलांच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा समृद्धीवरून नागपूरला जावं लागतं. घरची डिझेल जीप चौदा वर्षांची झाली, ती काढून इलेक्ट्रिक कार घ्यावी असं मनात आहे. पण पारावर लोक म्हणतात, "त्या गाडीत दम नाई राहत बाप्पा, चार माणसं बसली का चढावर बसते." मोबाईलवर मात्र तीच गाडी सिग्नल सुटताच भल्याभल्यांना मागे टाकताना दिसते. मग खरं काय? समृद्धीवर १२० ने सलग चालते का? तशी चालवली तर बॅटरी लवकर संपते का? मे महिन्यात काय होतं? आणि घरच्यांना घेऊन चिखलदरा चढेल का?

माझं धामणगाव रेल्वेला गॅरेज आहे. वीस-बावीस वर्षं डिझेल पंप, नोझल, क्लचप्लेट, गिअरबॉक्स ह्यातच हात काळे झाले. मागच्या पाचेक वर्षांत इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्या. त्यांचे ब्रेक, सस्पेन्शन, कूलंट आणि लोकांच्या घरी चार्जरची वायरिंग-अर्थिंग ही कामं मी करतो. नारंगी वायरच्या पलीकडचं, म्हणजे मोठ्या व्होल्टेजची बॅटरी उघडण्याचं काम करत नाही. ते कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचंच काम आहे. साडेतीन वर्षांपासून माझी घरची गाडीही इलेक्ट्रिक आहे, ४० युनिटच्या बॅटरीची. युनिट म्हणजे वीजबिलावरचंच, एक किलोवॉट-तास. तेव्हा जे सांगतो ते डिझेलच्या माणसाच्या नजरेनं पाहिलेलं आहे.

भाऊ, गोंधळ होतो तो "दम" ह्या शब्दामुळे. आपण हा एक शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. गाडी जागेवरून किती जोरात उचलते, हा एक दम. काटा कुठपर्यंत जातो, हा दुसरा. आणि तो वेग कितीवेळ टिकतो, हा तिसरा. डिझेल गाडीत हे तिन्ही साधारण एकमेकांना धरून चालतात. मोठं इंजिन असलं की तिन्ही बरे, छोटं असलं की तिन्ही बेताचे. इलेक्ट्रिकमध्ये त्यांची फारकत होते. पहिल्यात ती डिझेलच्या कितीतरी पुढे आहे. दुसऱ्यात तिला कंपनीनं मुद्दाम बांधून ठेवलेलं असतं. आणि तिसरा दम मोटरच्या हातात नसतो, बॅटरीच्या हातात असतो. तुमचं नागपूरचं जाणं-येणं ह्या तिसऱ्या दमावर आहे, आणि त्याबद्दल पारावरही कोणी बोलत नाही, मोबाईलवरही नाही.

उचल आधी घेऊ. डिझेल इंजिनला जोर यायला फेरे लागतात. आठशे फेऱ्यांवर ते नुसतं घुरघुरतं, टर्बो भरायला पंधराशे-दोन हजारांपर्यंत न्यावं लागतं, तोवर अर्धा क्लच दाबून आपण सांभाळतो. मोटरचं तसं नाही. करंट गेला की चुंबकाची ओढ लागली, मग चाक फिरत असो की उभं असो. शून्य फेऱ्यांवरच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, हजर. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, मधे श्वास घ्यायची जागाच नाही. म्हणून टाटा नेक्सॉनची ४०.५ युनिटवाली गाडी ०ते १०० ला कंपनीच्या आकड्यानुसार ८.९ सेकंद घेते. महिंद्राच्या बीई ६ चं ७९ युनिटचं मॉडेल ६.७ सेकंदांत जातं. त्या गाडीची मोटर २८६ अश्वशक्तीची आहे. आपल्या जीपला १०० गाठायला किती वेळ लागतो ते एकदा मोबाईलच्या घड्याळावर लावून पाहा, म्हणजे फरक आकड्यांविनाच कळेल.

मग "दम नाही" ही समजूत आली कुठून? मला वाटतं, आपल्याकडे लोकांनी बॅटरीवर चालणारं पहिलं वाहन पाहिलं ते ई-रिक्षा. तिला नियमानंच ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. बसस्टँडच्या पुलावर सहा सवाऱ्या घेऊन ती धापा टाकते, हे सगळ्यांनी पाहिलं. त्याआधी शहरातल्या कोणी २००१ मध्ये आलेली ती छोटी इलेक्ट्रिक कार रेवा पाहिली असेल. ती बिचारी गल्लीबोळापुरती होती. त्यावरून सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांचा हिशेब लावणं म्हणजे लुना पाहून बुलेटबद्दल बोलणं झालं. खरं तर रस्त्यावरच्या वाहनानं ताशी १०० किलोमीटरचा पल्ला पहिल्यांदा ओलांडला तो विजेवरच. १८९९ साली, पॅरिसजवळ, कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसानं टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीत जवळपास १०६ चा वेग गाठला. तेव्हा पेट्रोलच्या गाड्या मागे होत्या. वीज त्या काळी हरली ती वेगात नाही, बॅटरीत किती साठवता येतं ह्यात हरली. सव्वाशे वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे, फक्त बॅटरी खूप सुधारली.

दुसरा दम, म्हणजे कमाल वेग, पटकन संपवतो, कारण त्याचा आपल्याला उपयोग कमी. मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच डायनामोसारखा उलटा दाब तयार करते. वेग वाढतो तसा तो दाब वाढतो आणि बॅटरीच्या व्होल्टेजला भिडतो. तिथून पुढे टॉर्क उतरत जातो. गिअरही एकच, त्यामुळे खालची उचल आणि वरचा वेग ह्यांत कंपनीला निवड करावी लागते. म्हणून टियागो इलेक्ट्रिक १२० ला थांबते, नेक्सॉन १५० ला, आणि बीई ६ दोनशेपर्यंत जाते. जगात ४०० च्या वर पळणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्याही आहेत. क्रोएशियाच्या रिमॅक नेवेरानं २०२२ मध्ये ४१२ गाठले. पण समृद्धी १५० च्या वेगासाठी आखलेला रस्ता असला तरी कारला मुभा १२० चीच आहे, आणि आपल्या साध्या दुपदरी रस्त्यांवर केंद्राच्या नियमानं कमाल ७०. तेव्हा शोरूममध्ये कोणी कमाल वेग सांगून भुलवू लागला तर तो विषय तिथंच सोडून द्या.

आता तिसरा. इथे जरा सावकाश वाचा.

आमच्या जवळ तळेगाव दशासरला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. पटाची जोडी पाहिली असेल तुम्ही. सुटते ती बाणासारखी, घड्याळावर सेकंदाचे तुकडे मोजतात. पण त्या जोडीला कोणी दिवसभर वखराला जुंपत नाही. मोटरचंही दोन तऱ्हेचं बळ असतं. कागदावर लिहिलेली अश्वशक्ती ही पटाची, थोड्या वेळापुरती. मोटर, तिचा कंट्रोलर आणि बॅटरी तापू लागली की गाडी स्वतःच जोर आवरता घेते. वखराचं बळ, म्हणजे सलग तासभर देता येईल ते, त्याहून बरंच कमी असतं. हे ऐकून घाबरू नका. सपाट रस्त्यावर १२० ने चालायला अशा गाडीला बावीस-पंचवीस किलोवॉट पुरतात, आणि मोटर शंभराच्या पुढची असते. म्हणजे १२० ने सलग चालणं मोटरला मुळीच जड नाही. तुमच्या प्रश्नाच्या त्या भागाचं उत्तर हो असंच आहे, चालते, आणि आवाज न करता चालते.

जड जातं ते बॅटरीला, आणि त्याचं कारण हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १२० वर गेलो की वेग दीडपट होतो आणि हवेचा रेटा सव्वादोनपट. डिझेलमध्येही हेच घडतं, पण तिथं इंजिन मुळातच दोन-तृतीयांश तेल उष्णतेत घालवतं, त्यामुळे हवेचा खर्च त्या उधळपट्टीत झाकला जातो. शिवाय पंप दर वीस किलोमीटरवर असतो, म्हणून आपण मोजत बसत नाही. इलेक्ट्रिक गाडी फारच थोडं वाया घालवते, त्यामुळे हवेनं खाल्लेलं प्रत्येक युनिट उघडं दिसतं.

माझ्या गाडीचे आकडे देतो, एसी चालू, दोन-तीन माणसं, टायरमध्ये बरोबर हवा. ताशी ८० ने शंभर किलोमीटरला साधारण १३ युनिट लागतात. १०० ने साडेसोळा. १२० ने २१ च्या आसपास. गाडी बदलली की आकडे थोडे हलतील, पण चढण अशीच राहील.

हे तुमच्या रस्त्यावर मांडू. मेहकर इंटरचेंज ते नागपूरचं टोक साधारण २७० किलोमीटर धरू. ४० युनिटच्या बॅटरीतून वापरायला ३८ मिळतात, त्यातले चार मी कधीच मोडत नाही. राहिले ३४. आता १२० ने निघालात तर चालण्याचा वेळ सव्वादोन तास, पण लागतील ५७ युनिट. म्हणजे वाटेत २३ युनिट भरावे लागतील. चार्जरनं सरासरी ३० किलोवॉटनं दिलं तर पाऊण तास, वर गाडी लावणं, ॲप उघडणं ह्यात पाच मिनिटं. एकूण तीन तास पाच मिनिटं. आता १०० ने चला. चालण्याचा वेळ दोन तास बेचाळीस मिनिटं, लागतील साडेचव्वेचाळीस युनिट, भरायचे साडेदहा. वीस-एकवीस मिनिटं आणि वरची पाच. एकूण तीन तास आठ मिनिटं.

तीन मिनिटांचा फरक, भाऊ. आणि त्या तीन मिनिटांसाठी १२० वाल्यानं एका खेपेला बारा युनिट जास्त जाळले, तेही बहुतेक बाहेरच्या चार्जरवरचे, जे घरच्या युनिटपेक्षा बरेच महाग पडतात. चार्जरवर आधी कोणी गाडी लावलेली असली तर १२० वाल्याला थांबणं टळत नाही. १०० वाला मात्र वेग जरा उतरवून पुढचा चार्जर गाठू शकतो. मी सुरुवातीचे दोन महिने १२० नेच पळवायचो, डिझेलची सवय. घरी पोचायची वेळ मात्र शंभरवाल्याइतकीच यायची. कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा कळलं.

परतीचा हिशेब वेगळा लावा. मेहकर नागपूरपेक्षा सुमारे २०० मीटर उंच आहे, त्यात एखादं युनिट जास्त जातं. ते किरकोळ. पण उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला वारा पश्चिमेकडून येतो, आणि तुम्ही पश्चिमेलाच चाललेले. समोरून २० चा वारा असेल तर तुमच्या काट्यावर १०० असतात आणि हवेला तुम्ही १२० ने घुसताय असं वाटतं. म्हणून जून महिन्यात मी नागपूरहून निघताना जातानापेक्षा पाच-सहा युनिट जास्त धरूनच निघतो. पहिल्या वेळी हे ठाऊक नव्हतं. कारंजाच्या अलीकडे बॅटरी दहा टक्क्यांवर आली, गाडीनं स्वतःच जोर कमी केला, आणि पुढचे काही किलोमीटर ट्रकच्या मागे साठ-सत्तरनं काढले. बॅटरी तळाला आली की व्होल्टेज पडतं आणि गाडी तिला वाचवण्यासाठी हात आखडता घेते. पारावरच्या कोणी नेमकी त्या वेळी गाडी चालवून पाहिली तर "दम नाही" असंच म्हणेल, आणि त्या क्षणापुरतं ते खरंही असेल.

ह्यावरून माझं मत असं झालं आहे की शोरूममध्ये तुम्ही जो वेग विकत घेता तो ०ते १०० च्या सेकंदांत नसतो, बॅटरीच्या युनिटांत असतो. ६५ च्या वरची बॅटरी असेल तर तुमचा नागपूरचा प्रवास १२० नेही एका दमात होऊ शकतो, थांबायची गरजच नाही. तीच ४० ची असेल तर मोटर कितीही दांडगी असली तरी सरासरी तीच राहणार. आता वडिलांना घेऊन तीन तास न थांबता जायचंय का, हे तुम्हीच ठरवा. माझी आई सोबत असते तेव्हा दीड तासानं थांबावंच लागतं. मग ती वीस मिनिटं गाडीलाही देता येतात, आणि ४० ची बॅटरी पुरेशी वाटते. हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे.

मे महिन्याबद्दल. आपल्याकडे पंचेचाळीस-सेहेचाळीस तापमान चार-आठ दिवस सलग राहतं, आणि ह्या भागातल्या लोकांनी इलेक्ट्रिक गाडीबद्दल सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. माणसाला जे तापमान सुखाचं, तेच बॅटरीला सुखाचं. साध्या रेडिएटरनं बॅटरी बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. बाहेर ४५ असेल तर रेडिएटर तिला ४५ च्या खाली कसं नेणार? म्हणून चांगल्या गाड्यांत एसीचाच गॅस वापरून बॅटरीचं पाणी गार करायची सोय असते. गाडी घेताना विक्रेत्याला नुसतं "लिक्विड कूलिंग आहे का" असं विचारू नका. "बॅटरीचं कूलंट एसीच्या गॅसवर गार होतं का" असं विचारा. तो गडबडला तर सर्व्हिस सेंटरच्या माणसाला विचारा.

मागच्या एका मे महिन्यात मी नागपूरला दुपारी बाराला निघालो, १२० ने चाललो, आणि थेट मोठ्या चार्जरवर लावली. एरवी ५० नं घेणारी गाडी २३-२४ वरच अडकली. पुढचा पंखा विमानासारखा ओरडत होता. चार्जर खराब आहे समजून मी दुसऱ्यावर लावली, तिथंही तेच. दोष चार्जरचा नव्हता. मीच तापलेली बॅटरी भरायला आणली होती, आणि गाडी तिला सांभाळत होती. तेव्हापासून एक सवय लावली आहे. चार्जर वीस-पंचवीस किलोमीटरवर आला की वेग ८०-८५ वर आणायचा. बॅटरीवरचा भार उतरतो, कूलंटला तिला गार करायला उसंत मिळते, आणि चार्जर पूर्ण जोरानं देतो. जी चार-सहा मिनिटं हळू चालण्यात जातात ती चार्जिंगमध्ये भरून निघतात, वर काही वाचतातही. शक्य तर पहाटे पाचला निघा. दवाखान्याचा नंबरही लवकर लागतो आणि गाडीही थंड हवेत पळते.

एसीच्या खर्चाची भीती मात्र लोक उगीच बाळगतात. कडक उन्हात एसी आणि बॅटरीचं गार करणं मिळून दोनेक किलोवॉट खातं. समृद्धीवर १०० ने जाताना ते शंभर किलोमीटरला दोन युनिट झाले. तेच गावातल्या बाजारात २० ने रखडत असाल तर शंभर किलोमीटरला दहा युनिट होतील. म्हणजे एसी महाग पडतो तो हळू चालण्यात. वडिलांसाठी समृद्धीवर एसी बिनधास्त लावा.

"बॅटरी लवकर संपेल का" ह्याचं उत्तरही इथंच देतो. १२० नं चालवल्यानं बॅटरी मरत नाही. तिला खरा त्रास होतो तो दोन गोष्टींनी. उन्हात शंभर टक्के भरून दोन-चार दिवस उभी ठेवणं, आणि तापलेल्या अवस्थेत रोजच्या रोज फास्ट चार्जिंग. महिन्यातून दोन फेऱ्यांचा काही धाक नाही. घरी नेहमी ऐंशीच्या आसपास ठेवा, नागपूरच्या आदल्या रात्री शंभर करा. बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) जातीची असेल तर कंपनी मधूनमधून पूर्ण भरायला सांगते, ते पुस्तकात पाहून घ्या. उष्णता सोसण्यात ही जात जरा जास्त चिवट असते, म्हणून आपल्या भागासाठी मला ती आवडते.

चिखलदऱ्याचं ऐका. परतवाड्याहून वर जाताना साधारण ७०० मीटर चढायचं असतं. पाच माणसं आणि सामान धरून गाडी एकोणीस-साडेएकोणीस क्विंटलची झाली, तर तेवढं वजन वर न्यायला चार युनिट लागतात, रस्त्याचं चालणं वेगळं. वळणावळणाच्या घाटात ४० च्या वेगानं चढायला वीसेक किलोवॉट पुरतात. ज्या मोटरला शंभर देता येतात तिच्यासाठी हे अर्धंही काम नाही. पहिला-दुसरा गिअर नाही, क्लच जळल्याचा वास नाही, वळणावर समोर एसटी आली आणि थांबावं लागलं तरी गाडी मागे सरकत नाही, पाय ठेवला की निघते. पारावरच्या म्हणण्यातलं सगळ्यात खोटं काही असेल तर ते चढावर बसण्याचं. उतरताना मोटर उलट डायनामो होते आणि दोन-अडीच युनिट परत बॅटरीत येतात. एक काळजी मात्र घ्या. वर मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज जायला जागा नसते, त्यामुळे मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ऐंशी-पंच्याऐंशीवर उतरा.

गावच्या रस्त्यावर हीच उचल उलटू शकते. पहिल्या पावसानंतर पांदणीतली काळी माती कशी होते हे तुम्हाला सांगायला नको. तिथं शून्यावरचा पूर्ण टॉर्क म्हणजे चाक जागेवर फिरणं आणि खोल रुतत जाणं. अशा वेळी इको मोड लावा आणि पाय पिसासारखा ठेवा. रुतलीच तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागलं की जोर तोडणारी सोय) थोडा वेळ बंद करून हलक्या पायानं पुढे-मागे काढा. पांदणीतच रोज जायचं असेल तर खाली बॅटरी आहे हे ध्यानात ठेवून जमिनीपासूनची उंची आधी पाहा.

आणि रोही, म्हणजे नीलगाय. मेहकर, मालेगाव, कारंजा ह्या पट्ट्यात संध्याकाळी रोही आणि रानडुक्कर रस्त्यावर येतात. डिझेलचा आवाज त्यांना दुरून कळतो, ही गाडी तेवढी कळत नाही. ८० च्या वेगात नजर पडल्यापासून गाडी थांबेपर्यंत चांगल्या कोरड्या रस्त्यावर साठेक मीटर लागतात. १२० मध्ये जवळपास ११५. तुमचा हेडलाइट कुठवर दाखवतो ते पाहा आणि रात्रीचा वेग त्यावरून ठरवा. इलेक्ट्रिक गाडीत वेग वाढल्याचं कानाला कळत नाही, ८० आणि १२० सारखेच वाटतात. २०१९ पासूनच्या गाड्या ८० नंतर टिकटिक करतात, तिचा राग करू नका. बॅटरीमुळे गाडी अडीच-तीनशे किलोनं जड असते आणि उचल जोराची, म्हणून टायरही लवकर झिजतात. समृद्धीवर चढण्याआधी थंड टायरमध्ये हवा तपासा, दारावरच्या पट्टीवर लिहिलेली तेवढीच.

गाडी बुक करायच्या आधी घरची वीज तपासा, कारण सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी मिळाली तरच वरचे सगळे हिशेब लागू पडतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ४० युनिट भरायला चौदा-पंधरा तास लागतात. संध्याकाळी सातला, सगळ्यांचे मोटर-पंखे चालू असताना, त्या सॉकेटवर मीटर लावून व्होल्टेज पाहा. आणि अर्थिंग. खेड्यातल्या दहा घरांपैकी निम्म्या ठिकाणी मला ती नावालाच सापडते. अर्थिंग नसेल तर गाडी चार्जिंग घ्यायलाच नकार देते आणि लोक गाडीला दोष देतात. तांब्याची पट्टी, कोळसा-मीठ घालून नीट खड्डा करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा. परवानाधारक वायरमनकडूनच करा.

तर भाऊ, तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? वडिलांसाठी वाटेत एकदा थांबणार असाल तर ४०-४५ युनिटची, गॅसवर बॅटरी गार करणारी गाडी घ्या आणि १०० ने चाला. न थांबता जायचं असेल तर पैसे मोटरवर नाही, बॅटरीवर घाला. आणि घरी रात्रीची वीज भरवशाची नसेल, आठ-आठ तास जात असेल, तर अजून वर्षभर जीप ठेवा. हे मी इलेक्ट्रिक गाडी आवडत असूनही सांगतो.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा वडिलांना सोबत न्या, आणि मागच्या सीटवर बसवा. खाली बॅटरी असल्यानं काही गाड्यांत मागचा तळ उंच येतो आणि गुडघे वर राहतात, आजारी माणसाला तीन तास तसं बसणं जमत नाही. दुसरं, मोटरचा ब्रेक जोरात ठेवला की पाय उचलताच गाडी झटका देऊन मंदावते. चालवणाऱ्याला ते सवयीचं होतं, मागे बसलेल्याला मळमळतं. माझ्या आईला पहिल्या फेरीत सेलूजवळ उलटी झाली ती त्यामुळेच. आता ती गाडीत असली की मी तो ब्रेक सगळ्यात हलक्यावर ठेवतो आणि पाय हळूहळू उचलतो. थोडी वीज कमी परत येते, पण ती खिडकीला डोकं टेकून झोपते, आणि समृद्धीच्या नागपूरच्या टोकाला, शिवमडक्याला, उतरेपर्यंत जागी होत नाही.